दगडी लांबघर : घराचे कोठार होते तेव्हा

वऱ्हाडातील एखाद्या जुन्या गावात मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यामागे गेले की पुष्कळदा एक लांबट दगडी इमारत दृष्टीस पडते. दार जाड सागवानी फळ्यांचे, उंबरठा झिजलेला, आत कुटाराचा ढीग, कोपऱ्यात मोडकी तिफण, खताची रिकामी पोती आणि वर टिनाची पत्रे. घरातील मंडळी तिला 'कोठार' म्हणतात, कुणी 'गोठा' म्हणतात. पण डोळे अंधाराला सरावले की भिंतीत ओळीने कोनाडे दिसू लागतात. कोनाड्याच्या वरच्या दगडावर काजळी असते. कुटाराला कोनाडा लागत नाही आणि बैलाला दिवा लागत नाही. तेथे कधीकाळी माणसे राहत होती, एवढे त्या काजळीवरून कळते.

धर्मग्रामांना भेटी देत असताना अशा इमारतींविषयी आम्हांला वारंवार एकच प्रश्न विचारला जातो : हे पाडावे की ठेवावे? दगड विकले तर पैसा होतो, जागा मोकळी होते, सिमेंटची गोदामखोली बांधता येते. ठेवावे तर दर पावसाळ्यात एक कोपरा ढासळतो. प्रश्न व्यवहाराचा आहे आणि आम्ही अभियंते नव्हेत. तथापि पाडण्याआधी निदान आपण काय पाडत आहोत हे ठाऊक असावे, एवढ्या हेतूने हा लेख लिहीत आहोत. अशा इमारतींचा एक मोठा परिवार जगभर आहे. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहतील अशी लांब दगडी घरे बांधली गेली, पुढे माणसे बाहेर पडली आणि घराचे कोठार झाले. इंग्लंडमध्ये अशा घराला 'लाँगहाउस' म्हणतात. आपण त्याला लांबघर म्हणू.

आधी आपली भूमी पाहू. आपल्याकडे जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. या दोन शब्दांत अर्धे बांधकामशास्त्र आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली तर ती दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते. म्हणून जुने गवंडी पाया मुरमापर्यंत नेत. पांढरी माती मात्र तशी फुगत नाही, भेगाळत नाही, म्हणून भिंतीला आणि छपराला तीच चाले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचा थर फार खोल आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा तो हाच. तेथे दगड सहज मिळत नाही. उत्तरेला गाविलगडाच्या डोंगराकडे किंवा दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेकडे सरकावे तसा काळा दगड वाढत जातो. म्हणून खोऱ्याच्या मध्यभागी गढ्या पांढऱ्या मातीच्या, घरांची जोती तेवढी दगडाची, आणि डोंगराच्या पायथ्याला भिंतीच्या भिंती दगडी, असा सर्वसाधारण फरक पडला. ज्या गावात दगड दूरवरून बैलगाडीने आणावा लागे तेथे संपूर्ण दगडी घर बांधणारा माणूस काही सामान्य ऐपतीचा नसणार, हेही ओघाने आलेच.

हा पैसा कोठून आला? त्यातील बराच कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. पुढे १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. वऱ्हाडातील अनेक मोठे वाडे या कापसाच्या काळात उभे राहिले किंवा वाढवले गेले. त्याच सुमारास, १८६६ पासून, मेळघाटचे जंगल राखीव होऊ लागले आणि घरासाठी सागाची लांब तुळई मिळणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. जुन्या इमारतीतील अखंड सागवानी तुळयांकडे पाहताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता भिंत कशी असते ते पाहू, कारण सगळे पुढचे त्यावर अवलंबून आहे. बाहेरून अखंड दिसणारी दोन-अडीच फुटांची दगडी भिंत बहुधा दोन भिंतींची बनलेली असते. एक बाहेरची, एक आतली. मधल्या पोकळीत लहान दगड, चिपा आणि माती भरलेली असते. या दोन्ही अंगांना बांधून ठेवण्यासाठी ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड बसवतात. गवंड्याची पारख या आरपार दगडांवरून होते. ते पुरेसे असतील तर भिंत शतकभर हलत नाही. ते नसतील तर मधली माती पाण्याने ओली होऊन खाली बसते, बाहेरचे अंग फुगते आणि एके दिवशी भिंतीचे पोट फुटते. कोपऱ्यांना घडीव मोठे दगड एक आडवा, एक उभा असे गुंफलेले असतात. दर्जा मातीच्या किंवा चुन्याच्या. चुना गावाजवळचाच, शेतातील चुनखडीचे खडे भट्टीत भाजून आणि घाणीत मळून केलेला.

अशा भिंतीवर धाबे. तुळया, त्यांवर आडव्या लाकडांचा दाट थर, त्यावर काटक्या किंवा गवत, आणि सर्वांत वर चोपलेली पांढरी माती. एक फूट जाडीचा थर धरला तरी दर चौरस फुटाला सुमारे ४५ ते ५० किलो वजन होते. पावसात भिजले की त्याहून अधिक. एवढे वजन डोक्यावर घेऊन भिंत खाली दाबली जाते आणि त्या दाबानेच सरळ उभी राहते. वैशाखाच्या उन्हात धाब्याखाली जो गारवा असतो तो टिनाखाली कधी मिळत नाही, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण धाब्याची एक अट असते. दरवर्षी मृगापूर्वी वर चढून उंदरांची बिळे बुजवावी लागतात, माती पसरावी लागते, पाण्याचा उतार नीट करावा लागतो. घरात माणसे असेपर्यंत हे काम होते. चुलीचा धूर वर जात राहतो, तुळया धुरकट होतात आणि वाळवी दूर राहते. माणसे निघून गेली, चूल विझली, की त्या वर्षापासून छप्पर मरू लागते. ते पडायला मात्र पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि मधल्या काळात सर्वांना वाटते की काहीच बिघडलेले नाही.

आता थोडे दूर जाऊ. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे खडकाळ, वारा-पावसाचे पठार आहे. तेथील शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून ग्रॅनाइट दगडाची लांबघरे बांधली. रचना अशी : घर उताराच्या दिशेने लांब. वरच्या टोकाला माणसे, खालच्या टोकाला गुरे. दोहोंच्या मध्ये घराला आडवा छेदणारा एक बोळ, ज्याच्या दोन्ही तोंडांना समोरासमोर दारे. मूळच्या घरात माणसे आणि गुरे याच एका दाराने आत येत. माणसे वरच्या बाजूला वळत, गुरे खालच्या. गोठ्याच्या मधोमध दगडी नाली, ती शेवटच्या भिंतीतील भोकातून बाहेर पडते. गुरे वरच्या बाजूला ठेवली असती तर काय झाले असते हे कोणत्याही वऱ्हाडी शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. उतार हाच त्या घराचा पहिला आराखडा होता.

घराची लांबी मोजण्याची तेथील रीत आपल्यासारखीच आहे. छपराच्या एका लाकडी कैचीपासून दुसऱ्या कैचीपर्यंतचे अंतर म्हणजे एक घटक. आपण 'पाच खणांचे घर', 'सात खणांचा सोपा' म्हणतो, तसाच तो खण. लाकूड जेवढे लांब मिळते तेवढी घराची रुंदी ठरते. रुंदी वाढवता येत नाही म्हणून घर लांबीने वाढते. लांबघर लांब का, याचे निम्मे उत्तर येथे आहे. हे उत्तर डार्टमूरला लागू पडते आणि आपल्या दगडी सोप्यालाही.

सुरुवातीच्या लांबघरांना धुराडे नव्हते. मधल्या खोलीत जमिनीवर शेकोटी, आणि धूर गवताच्या छपरातून जमेल तसा बाहेर. सोळाव्या-सतराव्या शतकांत दगडी धुराडी आली आणि वर माडी घालता आली. पण डेव्हनच्या कित्येक जुन्या घरांत छपराच्या आतल्या बाजूची लाकडे आणि गवताचा सर्वांत खालचा थर मध्ययुगीन काजळीने अजून काळा आहे. वर नवीन गवत चढत गेले आणि खालचे तसेच राहिले. पाउंड्सगेट गावाजवळचे हायर अपाकॉट हे अशा घरांपैकी एक. त्याचा गोठ्याचा भाग फारसा न बदलता टिकला आणि म्हणूनच ते संरक्षित वास्तूंच्या पहिल्या श्रेणीत गेले. घर सुधारले गेले असते तर त्याची किंमत उरली नसती, असा हा उलटा न्याय आहे. त्याच पठारावर हाउंड टॉर या खडकाजवळ मध्ययुगात ओस पडलेले एक अख्खे खेडे उत्खननात सापडले. तेथे लांबघरांसोबत धान्य वाळवण्याच्या भट्ट्या असलेली कोठारेही निघाली. हवा एवढी ओली की कापलेले धान्य आगीच्या उबेशिवाय वाळत नव्हते.

मग या घरांची कोठारे का झाली? कारण पडझड नव्हे, प्रतिष्ठा. सतराव्या शतकापासून शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला तसे गुरांबरोबर एका दाराने घरात शिरणे त्याला कमीपणाचे वाटू लागले. काहींनी गुरांसाठी वेगळे दार पाडले. काहींनी गोठा बाहेर हलवून त्या जागी स्वयंपाकघर केले. आणि ज्यांना जमले त्यांनी शेजारी नवे घर बांधून जुने संपूर्ण घर गुरांना आणि गवताला देऊन टाकले. वेल्समध्येही तसेच घडले. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स या संग्रहालयात सिलेवेंट नावाचे एक लांबघर दगड-दगड सुटा करून नेऊन पुन्हा उभारलेले आहे. पंधराव्या शतकातील मूळ लाकडी घराला १७३४ मध्ये दगडी भिंती घातल्या गेल्या. एका टोकाला माणसे आणि दुसऱ्या टोकाला गुरे हा क्रम मात्र कायम राहिला. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर आर्नोल गावी तर अशा एका घरात १९६६ पर्यंत कुटुंब राहत होते. तेथील भिंत आपल्यासारखीच दुहेरी, मध्ये माती, चूल मधोमध, धुराडे नाहीच. या बेटांवरील घरांचे काजळीने माखलेले जुने गवत उतरवून शेतात खत म्हणून टाकत असत, आणि वर्षभराचे शेण बाहेर काढण्यासाठी वसंत ऋतूत गोठ्याच्या टोकाची भिंत उघडून पुन्हा रचत असत. अशी गोष्ट वाचली की शेतकरी सर्वत्र एकच, असे आम्हांला वाटते.

आमच्या मेळघाटातील कोरकू खेड्यांतही घरे समोरासमोर दोन लांब ओळींत असतात. भिंती कुडाच्या, दगडाच्या नव्हेत. तरी गुरांना घराच्या अंगाशी ठेवून झोपणे तेथे अपरिचित नाही. वाघाच्या प्रदेशात ते शहाणपणाचेही आहे.

येथे एक शंका येईल. घर आणि कोठार यांत असा फरक तो काय? चार भिंती आणि छप्पर दोन्हीकडे आहे. फरक मोठा आहे, आणि जुन्या घराचे कोठार केल्यावर ते का ढासळते याचे कारण त्यातच आहे. घराची भिंत वरून येणारे वजन पेलण्यासाठी बांधलेली असते. कोठारातील मोकळे धान्य मात्र भिंतीला आडवे ढकलते, थोडेसे पाण्यासारखे. ढीग जितका उंच तितका तळाशी रेटा जास्त. म्हणून खरे कोठार बांधणारा माणूस वेगळाच विचार करतो.

आपल्या महाराष्ट्रात याचे सर्वोत्तम उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळगडावर आहे. तेथील अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्यांपैकी गंगा सर्वांत मोठी; तिची उंची सुमारे १०.५ मीटर आणि साठवण २५,००० खंडी सांगितली जाते. आत सोळा दगडी खण, प्रत्येकावर घुमटी, आणि प्रत्येक घुमटीच्या माथ्याला एक भोक. बाहेरच्या जिन्याने माथ्यावर चढायचे, भोकातून धान्य ओतायचे आणि लागेल तसे खालून काढायचे. भिंती भयंकर जाड आणि प्रकाशाला वाव जवळजवळ नाहीच. माणसाला राहण्यासाठी ही इमारत निरुपयोगी आहे, धान्यासाठी आदर्श. कोंदट अंधार, सर्व बाजूंनी समान रेटा, तो झेलणारी जाडी. १६६० मध्ये सिद्दी जौहरने मार्चपासून गडाला वेढा घातला आणि शिवाजी महाराज जुलैच्या मध्यावर तेथून निसटले; इतके महिने गड झुंजत राहिला त्यात तोफांइतकाच धान्याच्या साठ्याचाही वाटा होता.

युरोपातील मठांची कोठारे याहून निराळी. इंग्लंडमधील ग्रेट कॉक्सवेल येथे बोलिउ मठाच्या सिस्टर्शियन संन्याशांनी सुमारे १२९२ साली बांधलेले कोठार आजही उभे आहे. लांबी सुमारे १५२ फूट, रुंदी ४४ फूट, उंची ४८ फूट. बाहेर दगडी भिंती, आत ओकच्या उंच खांबांच्या दोन रांगा, खांबांखाली दगडी तळखडे. मध्ये रुंद भाग आणि दोन्ही बाजूंना अरुंद पाख्या. वाचकांच्या डोळ्यांसमोर चर्चचे सभागृह आले असेल तर ते बरोबरच आहे, कारण त्या काळी मोठे छप्पर उभारण्याची सुतारांना ठाऊक असलेली रीत तीच होती. विल्यम मॉरिससारख्या कलावंताने या कोठाराची गणना इंग्लंडच्या थोर वास्तूंत केली होती. त्याची प्रचंड दारे समोरासमोर असतात ती गाडी आत येऊन पलीकडे जावी म्हणून, आणि दोन्ही उघडली की वाऱ्याचा झोत मिळून मळलेले धान्य उपणता यावे म्हणून. तेथे मळणी हिवाळ्यात छपराखाली होत असे. आपल्याकडे ज्वारी निघते तेव्हा आकाश कोरडे असते. खळे उघड्यावर, वावडीवर उभे राहून उपणणी उघड्यावर. म्हणून आपल्याला कोठाराचे कॅथेड्रल बांधावे लागले नाही. आपण धान्य जमिनीखाली पेवात घातले, भिंतीतल्या बळदात घातले, शेणाने सारवलेल्या कणगीत घातले. वऱ्हाडाचे जुने कोठार पुष्कळसे अदृश्य आहे.

कोठारांशी आपल्या ख्रिस्तसभेचे आणखी एक नाते आहे. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध होते तेव्हा पवित्र मिस्सा बहुधा गवती छपराच्या, कोठारासारख्या साध्या इमारतींत होत असे. १७३१ च्या सरकारी पाहणीत अशा शेकडो 'मिस्साघरां'ची नोंद झाली. हॉलंडमध्येही कोठारातील देवळे होती. हे केवळ जाता जाता.

मात्र बेथलेहेमविषयी थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण दरवर्षी नाताळात आपण जो गोठा उभारतो तो गावाबाहेर, एकटा, उघड्यावर दाखवतो. संत लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ज्या जागेत 'जागा नव्हती' तिला मराठी भाषांतरात उतारशाळा म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द कटालुमा. हाच शब्द लूक बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. उलट दयाळू शोमरोनी जखमी माणसाला नेतो त्या खऱ्या उतारशाळेसाठी, दहाव्या अध्यायात, तो वेगळा शब्द वापरतो, पान्दोखेयोन. यावरून कित्येक अभ्यासकांचे मत असे आहे की योसेफ आणि मरिया एखाद्या कुटुंबाच्या घरीच उतरले. पाहुण्यांची खोली भरलेली होती म्हणून त्यांना मुख्य खोलीत जागा मिळाली. पॅलेस्टाइनच्या खेडेगावातील दगडी घर बहुधा एका मोठ्या खोलीचे. दाराजवळचा भाग खोल, तेथे रात्री गुरे. आतला भाग दोन-तीन हात उंच, तेथे कुटुंब. आणि या उंच भागाच्या कडेला, गुरांच्या तोंडाशी येईल अशी, गव्हाण. शौलाने ज्या एन्दोरच्या स्त्रीला रात्री गाठले तिच्या घरातच पोसलेले वासरू होते, असे शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात आहे. शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेणाऱ्यांचा उल्लेख प्रभू येशू स्वतः करतो. घरातील गुरे सकाळी बाहेर काढणे ही तेथील रोजची गोष्ट होती.

जन्म गुहेत झाला ही परंपराही फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात संत जस्टिन तिचा उल्लेख करतो. बेथलेहेममधील घरे डोंगराच्या गुहांना लागून बांधलेली असत आणि गुहेचा उपयोग गोठ्यासारखा होई, त्यामुळे या दोन गोष्टींत विरोध मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. १२२३ मध्ये ग्रेच्यो येथे संत फ्रान्सिस असिसीकराने जिवंत बैल आणि गाढव आणून नाताळचा देखावा उभारला तेव्हापासून आपल्या मनात गोठ्याचे चित्र ठसले. वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबाने यंदा गोठा मांडताना आपल्या आजोबांचे घर आठवले तर ते चित्र शुभवर्तमानाच्या अधिक जवळ जाईल.

आता पुन्हा त्या वाड्यामागच्या इमारतीकडे येऊ. ती मुळात घर होती, गोठा होती की कोठार, हे कसे ओळखावे? दार आतून बंद होत होते का ते पाहावे. कडीचे, अडसराचे भोक चौकटीच्या आतल्या बाजूस असेल तर आत माणूस झोपत होता. कोठाराला कुलूप बाहेरून असते. चौकटीच्या वरच्या पट्टीवर कोरीव काम असेल तर ते गुरांसाठी केलेले नाही. जमिनीत उखळ पुरलेले सापडेल, जात्याची बैठक सापडेल. एका भिंतीच्या तळाशी दगड तांबूस किंवा तडकलेले दिसतील, ती चुलीची जागा. भिंतीत चिणून बुजवलेली खिडकी बाहेरून शोधावी. बुजवलेल्या दगडांची जुळणी नेहमीच कच्ची असते. गुरे मागाहून आली असतील तर दावणीचे खुंटे आणि नाली मूळ फरशी फोडून बसवलेली दिसेल. मुळातच गोठा असेल तर उतार आणि नाली जोत्यासोबतच बांधलेली असते. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. कोणत्या खोलीत कोणाचा जन्म झाला हे त्यांना ठाऊक असते, आणि तशी माहिती कोणत्याही सातबाऱ्यावर सापडत नाही.

ठेवायचे ठरले तर काही गोष्टी टाळाव्यात. पहिली, धान्य किंवा सरकी भिंतीला टेकवून मोकळी ओतू नये. पोत्यांत भरून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावी. दुसरी, रासायनिक खताची पोती दगडी भिंतीशी ठेवू नयेत. खतातील क्षार ओलाव्याबरोबर भिंतीत चढतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा सोलून निघतो. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. गुरांच्या मुताने हेच घडते. एकेकाळी जुन्या गोठ्यांची माती सोरा काढण्यासाठी खरवडून नेत असत यावरून त्यात किती क्षार साचतो याची कल्पना येईल. खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीच खारे, तेथे ही काळजी दुप्पट.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत घातक गोष्ट म्हणजे सिमेंटचा गिलावा. भिंत ओलसर दिसली की गवंडी सिमेंट मारून देतो. दोन वर्षे ती छान दिसते. पण माती-चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेला ओलावा दर्जांतून बाहेर पडून वाळतो. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओलावा आतच वर चढत राहतो, मधली माती भिजते आणि फुगवटा येतो. मग दोष जुन्या दगडाला दिला जातो. चुन्याच्या दर्जा भरणारा गवंडी आता विरळा आहे हे खरे, परंतु तो अगदीच नाही असे नाही. जुन्या देवळांच्या आणि किल्ल्यांच्या दुरुस्तीवर काम केलेली माणसे शोधल्यास मिळतात.

टिनाचे पत्रे घालायला हरकत नाही. धाबे पुन्हा करण्याचा खर्च आज क्वचितच कोणाला परवडतो. पण धाबे उतरले की भिंतीच्या डोक्यावरचे वजन जाते आणि वरचे दगड सैल होतात, ही गोष्ट पत्रे ठोकणारा सांगत नाही. म्हणून आधी भिंतीचा माथा चुन्याच्या थराने बांधून घ्यावा, पत्र्याची पन्हळ भिंतीच्या बाहेर निदान दीड-दोन फूट काढावी आणि पावसाचे पाणी पायाशी न पडता लांब जाईल असे पाहावे. काळ्या जमिनीत पायाजवळ पाणी मुरले की बाकी सारी डागडुजी व्यर्थ आहे.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्यापासून खासगी घरांच्याही संरक्षित याद्या होऊ लागल्या, त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याचा गोठासुद्धा परवानगीवाचून पाडता येत नाही. आपल्याकडे १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, परंतु त्यांच्या कक्षेत किल्ले, लेणी, मंदिरे आणि मोठ्या ऐतिहासिक वास्तू येतात. शेतकऱ्याच्या घरामागचे कोठार त्यात बसत नाही. त्याचे भवितव्य त्या कुटुंबाच्या हाती आहे, आणि वाटण्या झालेल्या कुटुंबात ते चार-पाच भावांच्या हाती असते. आम्ही पाहिलेल्या कित्येक इमारती पावसाने पडल्या नाहीत, त्या भावांच्या अबोल्याने पडल्या. छपरावर चढायचे कोणी, हे ठरले नाही.

आणि पाडायचेच असेल, तेही काही पाप नव्हे. मात्र पाडण्याआधी एक दिवस काढावा. आतील सामान बाहेर आणून चारही भिंतींची, कोनाड्यांची, चौकटीची, छपराच्या लाकडांची छायाचित्रे घ्यावीत. दोरी किंवा टेप घेऊन लांबी, रुंदी, भिंतीची जाडी आणि खणांची संख्या एका कागदावर लिहावी. उताराची दिशा आणि नालीचे तोंड कोठे ते दाखवावे. शाळेतील मोठ्या मुलामुलींना हे काम उत्तम जमते. कागदावर गावाचे नाव आणि वर्ष घालण्यास विसरू नये. एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी, एक धर्मग्रामाच्या कचेरीत द्यावी. हे काम मृगाच्या आत उरकावे, कारण त्यानंतर कुटार आणि बियाणे पुन्हा आत जाते आणि भिंती दिसेनाशा होतात.